पासबुकात शून्य: एका पतपेढीच्या वेब ॲप्लिकेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

परळमधली एक कर्मचारी पतपेढी. बहुतेक सभासद नोकरीत, काही निवृत्त झालेले पण ठेवी अजून तिथेच. दर महिन्याला पगारातून वर्गणी कापून येते, ठेवी आहेत आणि कर्ज दोन प्रकारचं आहे. नियमित कर्जाला जामीनदार लागतात, संचालक मंडळाची मंजुरी लागते. आकस्मिक कर्ज लहान रकमेचं, काउंटरवरून त्याच दिवशी मिळणारं. त्याचा नियम एकच, पण कडक: आधीचं आकस्मिक कर्ज फिटल्याशिवाय दुसरं नाही.

आम्ही सहा जण अंधेरीतून या पतपेढीचं वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. भाषा जावा ८, सांगाडा स्प्रिंग बूट २ चा, डेटाबेसशी बोलायला हायबरनेट, खाली मायएसक्यूएल हा डेटाबेस, पानं थायमलीफ या साधनाने बनवलेली. सभासद मोबाइलवरून पासबुक बघतात आणि काउंटरवरच्या मॅडम त्याच प्रणालीत कर्जाचे अर्ज भरतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

प्रकरणाचं मूळ चार वर्षं जुन्या एका मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या एका छोट्या तुकड्यात, होतं. सभासदाच्या नोंदी आणायच्या. ट्रायमध्ये रिपॉझिटरीकडून, म्हणजे डेटाबेसमधून माहिती आणणाऱ्या भागाकडून, यादी मागायची. कॅचमध्ये कुठलंही एक्सेप्शन (काही बिघडलं की कोड फेकतो तो इशारा) पकडायचं, डीबग पातळीवर, म्हणजे फक्त तपासासाठीच्या बारीक नोंदींत, एक ओळ लॉग करायची आणि रिकामी यादी परत द्यायची. लिहिणारा मीच. संचालक मंडळासमोर प्रात्यक्षिक होतं, एका नव्या सभासदाचं पान उघडताना नल पॉइंटर हे एक्सेप्शन आलं आणि पडद्यावर ते पांढरं इंग्रजी एरर पान. त्या संध्याकाळी मी हा कॅच घातला, पान दिसायला लागलं, अध्यक्षांनी चहा पाजला. नंतर टीममधल्या इतरांनी तोच साचा जिथे तिथे उचलला. डीबग पातळी प्रत्यक्ष सर्व्हरवर बंद असते, म्हणजे ती लॉगची ओळसुद्धा कधीच कुठे उमटली नाही.

काय घडलं

गणपतीच्या आधीचा आठवडा. गावी जायचं, आरास करायची, एसटीची तिकिटं काढायची, त्यामुळे या दिवसांत पतपेढीत आकस्मिक कर्जासाठी रांग असते. सोमवारी साडेदहाच्या सुमारास व्यवस्थापकांचा फोन आला.

"अहो, लोकांच्या पासबुकात शून्य दिसतंय. एक काका समोर बसलेत, त्यांची जन्माची ठेव शून्य झालीय म्हणतात. लवकर काहीतरी करा."

मुंबईत सहकारी संस्थेच्या पडद्यावर शून्य दिसणं ही साधी गोष्ट नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढायची मुभा ठेवली. शाखांबाहेरची ती गर्दी या शहराने पाहिली आहे. पतपेढी ही बँक नव्हे, पण काकांना तो फरक त्या क्षणी समजावून सांगायची कुणाची छाती होती?

आम्ही आधी डेटाबेस बघितला. काकांच्या नोंदी जागच्या जागी होत्या, बेरीज बरोबर होती. लॉगमध्ये एररची एकही ओळ नाही. बाहेरून लक्ष ठेवणारं यंत्र दर मिनिटाला मुखपृष्ठ उघडून बघतं, ते हिरवं. पान उघडत होतं, २०० हा यशाचा कोड देत होतं, वर काकांचं नाव आणि सभासद क्रमांकही बरोबर होता, कारण तो लॉगिनच्या सेशनमधून येतो. खाली लिहिलेलं, "एकही नोंद सापडली नाही. शिल्लक ₹०.००." शिल्लक म्हणजे यादीची बेरीज, आणि रिकाम्या यादीची बेरीज शून्यच येणार.

आम्ही टॉमकॅट, म्हणजे ॲप्लिकेशन चालवणारा वेब सर्व्हर, बंद करून चालू केला. सगळं ठीक झालं. वीस मिनिटांनी पुन्हा शून्य.

इथे दोन गोष्टी आमच्या हातून निसटल्या. पहिली, सर्व्हर बंद करण्याआधी थ्रेड डंप (कुठला थ्रेड, म्हणजे समांतर चालणारं काम, कुठे अडकलंय याची नोंद) घेतला नाही, म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने पुसला. दुसरी जास्त लागण्यासारखी आहे. त्या सकाळी "ओटीपी उशिरा येतोय" अशीही एक तक्रार आली होती. ती वेगळं तिकीट म्हणून वेगळ्या माणसाकडे गेली आणि तो एसएमएस पुरवणाऱ्या कंपनीशी फोनवर भांडत बसला. त्याचं टेबल माझ्यापासून चार हातांवर. दुपारपर्यंत आम्ही एकमेकांना काही विचारलंही नाही.

उलगडा काउंटरवरच्या मॅडमनी केला, नकळत. मी फोनवर विचारलं, शून्य लगेच येतं का? त्या म्हणाल्या, "नाही हो, आधी बराच वेळ गोल गोल फिरतं. मग शून्य येतं. बरोबर यायचं असलं की पटकन येतं." मी म्हटलं, घड्याळ लावून सांगाल? त्यांनी मोबाइलवर मोजलं. तीस सेकंद. पुन्हा मोजलं. तीस.

ज्याने हिकारी कनेक्शन पूल (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवून लागतील तशी वाटणारं साधन) वापरला आहे त्याला हा आकडा चटकन ओळखू येतो. डेटाबेसचं कनेक्शन मिळवण्यासाठी तो मुळात ३०,००० मिलिसेकंद थांबतो आणि मग एक्सेप्शन फेकतो. पूलमध्ये कनेक्शन मुळात दहा. दोन्ही आकडे आम्ही कधी बदलले नव्हते.

या वेळी सर्व्हर बंद करायच्या आधी थ्रेड डंप घेणारा जेस्टॅक चालवला. टॉमकॅटला एका वेळी २०० थ्रेडपर्यंत मुभा असते. त्यातले कितीतरी कनेक्शनची वाट बघत उभे होते. आणि कनेक्शन धरून बसलेले दहाच्या दहा थ्रेड डेटाबेसशी बोलतच नव्हते. ते एसएमएस कंपनीच्या उत्तराची वाट बघत सॉकेटवर अडकले होते.

म्हणजे घडत होतं ते असं. सभासद लॉगिन करतो, ओटीपीची नोंद डेटाबेसमध्ये पडते, त्यासाठी कनेक्शन घेतलं जातं. त्याच विनंतीत एसएमएस कंपनीला हाक मारली जाते, आणि त्या हाकेला आम्ही वेळेची मर्यादाच घातली नव्हती. नोंद तर पडून गेली, मग कनेक्शन का सुटत नाही? कारण स्प्रिंग बूटमध्ये 'ओपन इन व्ह्यू' ही सोय मुळात चालू असते. हायबरनेटचं सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला त्याचा संवाद, विनंती सुरू झाल्यापासून पान पूर्ण लिहून होईपर्यंत उघडं राहतं, आणि या मांडणीत एकदा घेतलेलं कनेक्शनही सेशन मिटेपर्यंत हातातच राहतं. सर्व्हर सुरू होताना स्प्रिंग बूट याबद्दल लॉगमध्ये इशाराही देतं. चार वर्षं आम्ही तो इशारा बघत होतो, दारावरच्या जुन्या पाटीसारखा.

सणाच्या गर्दीत एसएमएस मंदावले, दहा लॉगिन अडकले की पूल रिकामा, आणि अकराव्या माणसाला तीस सेकंदांनी शून्य.

न ओरडलेलं नुकसान

इथवर प्रकरण कार्यक्षमतेचं वाटतं. तसं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

शुक्रवारी आठवड्याचा मेळ घालताना मॅडमना तीन सभासद सापडले, ज्यांच्या नावावर दोन-दोन आकस्मिक कर्जं होती. नियमाने ते अशक्य. आम्ही नोंदींच्या वेळा पाहिल्या: तिन्ही सोमवारच्या, अकरा ते एकच्या दरम्यानच्या.

अर्जाच्या पडद्यावर सभासदाची येणे बाकी कर्जं दाखवणारा एक चौकोन आहे. त्याच्या मागे तोच साचा होता: एक्सेप्शन आलं, रिकामी यादी. रिकामी यादी म्हणजे "येणे बाकी: नाही", आणि बाजूला हिरव्या अक्षरांत "पात्र". मॅडमनी तीस सेकंद थांबून ते हिरवं अक्षर पाहिलं, कागद तपासले, सही घेतली. चार-पाच मिनिटांनी 'मंजूर' दाबलं तेव्हा एखादं कनेक्शन मोकळं झालेलं होतं आणि नोंद बिनबोभाट पडली. मंजुरीच्या वेळी सर्व्हर पुन्हा तपासत नव्हता. पडद्यावर एकदा तपासलंय ना, या भरवशावर.

ठेव शून्य दिसली तेव्हा तासाभरात फोन आला. कर्ज शून्य दिसलं तेव्हा पाच दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. कोण काढणार? सभासदाला पैसे मिळाले होते. एकाने नंतर व्यवस्थापकांना सांगितलं, "साहेब, मला वाटलं सणासाठी या वर्षी नियम सैल केलाय."

समोरचे पर्याय

सोमवारी दुपारी आमच्यापुढे काय काय होतं ते सांगतो. तेव्हा कर्जाचा घोळ आम्हाला ठाऊक नव्हता हे लक्षात ठेवून वाचा.

पूल दहावरून पन्नास करणं हा सर्वात मोहाचा पर्याय. एक ओळ बदलायची. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्या घेतो, म्हणजे जागाही होती. पण एसएमएस अडकतच राहिले तर दहाऐवजी पन्नास कनेक्शन अडकतील, एवढंच. नळ गळतोय म्हणून मोठी बादली ठेवण्यातला प्रकार. तरीही आम्ही वीस केला, तेवढ्यापुरता श्वास घ्यायला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

'ओपन इन व्ह्यू' बंद करणं हा खरा इलाज, पण त्या दिवशी धोक्याचा. आमची निम्मी पानं थायमलीफमध्ये पोचल्यावर हळूच जामीनदारांची किंवा हप्त्यांची यादी मागतात. सेशन मिटलेलं असेल तर हायबरनेट लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन फेकतं: प्रॉक्सी, म्हणजे अजून न आणलेल्या माहितीची जागा धरणारं ऑब्जेक्ट, भरता येत नाही, सेशन नाही. सणाच्या आठवड्यात कुठलं पान फुटेल याचा नेम नव्हता. पुढे ढकललं.

एसएमएसच्या हाकेला मर्यादा घालणं लगेच शक्य होतं. केलं. पाच सेकंदांत उत्तर नाही तर सोडून द्यायचं आणि सभासदाला "पुन्हा पाठवा" बटण दाखवायचं. दुपारी तीनला हे चढवलं आणि शून्यं थांबली.

उरला कॅच. यावर खरी वादावादी झाली. माझं म्हणणं, एक्सेप्शन गिळायचं नाही, माहिती वाचता आली नाही असं सरळ सांगायचं. व्यवस्थापकांचं म्हणणं, "एरर दिसला की लोक जास्त घाबरतील, निदान आत्ता पान तरी दिसतंय." आमच्यातला एक जण म्हणाला, काल रात्रीची शिल्लक साठवून ठेवू आणि अडचण आली की ती दाखवू. सभासदासाठी ही कल्पना वाईट नव्हती. पण तोच आकडा काउंटरवरही दिसला असता आणि त्यावर कर्ज ठरलं असतं, म्हणून सोडली. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं दाखवायला वेळ नव्हता.

शून्यं थांबली म्हणून सोमवारी कॅच तसाच राहिला. हा निर्णय चुकला. शुक्रवारी तीन कर्जं सापडल्यावर वाद आपोआप मिटला. व्यवस्थापकच म्हणाले, "मला 'नाही' आणि 'माहीत नाही' हे वेगळं दिसलं पाहिजे."

काय केलं

शनिवारी सगळा कोड चाळला. असे कॅच एकेचाळीस निघाले. प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: इथे रिकामं उत्तर खरं असू शकतं का, आणि असलं तर ते अपयशापासून वेगळं ओळखता येतं का?

नव्या सभासदाच्या नोंदी नसणं हे खरं रिकामं. त्यासाठी कॅच लागतच नाही, रिपॉझिटरी रिकामी यादी देते. एकच ओळ अपेक्षित असताना ती नसणं हेही खरं रिकामं. थेट क्वेरी चालवणारा स्प्रिंगचा जेडीबीसी टेम्प्लेट तिथे एम्प्टी रिझल्ट डेटा ॲक्सेस एक्सेप्शन देतो. ते नेमकं तेवढंच पकडून ऑप्शनल, म्हणजे 'असेल किंवा नसेल' असं उत्तर, परत द्यायला सुरुवात केली. बाकी सगळं वर जाऊ दिलं.

वर एका कंट्रोलर ॲडव्हाइसमध्ये, म्हणजे सगळ्या पानांचे बिघाड एका जागी येतात तिथे, हँडलर लिहिला: डेटा ॲक्सेस एक्सेप्शन आलं की ५०३ हा 'सेवा तात्पुरती बंद' सांगणारा कोड, साधं मराठी पान आणि एक संदर्भ क्रमांक. तोच क्रमांक लॉगमध्ये, बिघाड कुठून आला ते दाखवणाऱ्या पूर्ण स्टॅक ट्रेससोबत. चाचणीसाठी पूल एकचा केला, ते एकमेव कनेक्शन धरून ठेवलं आणि पासबुक उघडलं. आमचं पान आलंच नाही. आलं जुनं पांढरं इंग्रजी पान.

यात अर्धा दिवस गेला, म्हणून सांगून ठेवतो. कनेक्शन मिळालं नाही तर डेटाबेसचा व्यवहारच (ट्रान्झॅक्शन) सुरू होत नाही, आणि तेव्हा स्प्रिंग कॅनॉट क्रिएट ट्रान्झॅक्शन एक्सेप्शन फेकतं. ते डेटा ॲक्सेस एक्सेप्शनच्या घराण्यातलं नाही. ट्रान्झॅक्शन एक्सेप्शनचं घराणं वेगळं. ज्या बिघाडासाठी हँडलर लिहिला, नेमका तोच त्यातून निसटत होता. दोन्ही घराणी नावाने घातल्यावर पान आलं.

पानावरच्या मजकुरावरही खल झाला. पहिल्या मसुद्यात "तुमचे पैसे सुरक्षित आहेत" होतं. मॅडमनी ते वाचून हातच जोडले. "हे वाचलं की आधी पोटात गोळा येतो. पैशांचं नावच काढू नका." आता लिहिलंय: "खात्याची माहिती आत्ता उघडता आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहा. विचारायचं असल्यास हा क्रमांक सांगा."

कर्जाच्या पडद्यावर 'पात्र' आणि 'अपात्र' यांच्याबरोबर तिसरी स्थिती आली: 'तपासता आलं नाही'. तेव्हा मंजुरीचं बटण बंद राहतं. शिवाय मंजूर करताना सर्व्हर त्याच व्यवहारात येणे बाकी पुन्हा तपासतो. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं; पडद्यावरच्या तपासणीवर विसंबणं ही एक्सेप्शनपेक्षाही जुनी चूक.

'ओपन इन व्ह्यू' दिवाळीनंतर बंद केलं. घाई न करण्याचं कारण साधं होतं: पतपेढीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, पाठोपाठ लाभांशाचं वाटप. चाचणीच्या सर्व्हरवर अपेक्षेप्रमाणे पानं फुटली. सेशन नसतानाही हायबरनेटला गुपचूप डेटा आणू देणारी एक सेटिंग आहे, ती कुणीतरी सुचवली. नको म्हटलं, गिळण्याचाच तो दुसरा मार्ग. जिथे लागेल तिथे जॉइन फेच लावले, म्हणजे जोडलेली माहिती त्याच क्वेरीत आणली. कर्जाच्या पानावर हप्ते आणि जामीनदार या दोन्ही लिस्ट एकदम मागितल्या तर हायबरनेटने मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन दिलं. लिस्टचं सेट केलं की ते गप्प होतं, पण प्रत्येक हप्ता प्रत्येक जामीनदाराशी जोडला जातो, म्हणून ६० हप्ते आणि २ जामीनदार असले तर डेटाबेसमधून १२० ओळी येतात. शेवटी दोन वेगळ्या क्वेरी केल्या आणि पानाला लागेल तेवढीच माहिती साध्या ऑब्जेक्टमध्ये भरून दिली.

याचा एक फायदा आधी ध्यानात आला नव्हता. पान लिहिताना मध्येच एक्सेप्शन आलं तर अर्धं एचटीएमएल आणि २०० हा कोड केव्हाच ब्राउझरकडे गेलेला असू शकतो, मग कुठलाही हँडलर काही करू शकत नाही. आता पान लिहायला घेण्याआधी सगळी माहिती हातात असते. फुटायचं ते आधीच फुटतं.

निष्पत्ती

ती तीन कर्जं रद्द करता आली नाहीत, पैसे खर्च झाले होते. व्यवस्थापकांनी आमचं लेखी स्पष्टीकरण संचालक मंडळापुढे ठेवलं. सभासदांशी बोलून दोन्ही कर्जांचे हप्ते पगारातून कापायचं ठरलं. एका सभासदाला हे जड गेलं, त्याची मुदत वाढवून दिली. त्या बैठकीत अध्यक्षांनी चहा विचारला नाही.

डिसेंबरमध्ये डेटाबेसचा सर्व्हर दुपारी दहा मिनिटं बंद पडला. सभासदांना ५०३ चं पान दिसलं, काही फोन आले, घबराट झाली नाही. मॅडमनी वहीत तीन संदर्भ क्रमांक टिपून कळवले आणि लॉगमधली नेमकी जागा मिनिटभरात सापडली. एसएमएस त्यानंतर दोनदा मंदावले; ते आता वेगळ्या रांगेतून जातात, त्यामुळे पासबुकाला पत्ताही लागला नाही.

पुन्हा वेळ आली तर

सोमवारी शून्यं थांबल्यावर मी विचारायला हवं होतं: सकाळपासूनच्या या वेळात हीच रिकामी यादी आणखी कुणी वाचली? त्या दिवशी शोधलं असतं तर कर्जं पैसे हातात असतानाच पकडता आली असती. आता अशा बिघाडानंतर त्या वेळातल्या सगळ्या मंजुऱ्यांची यादी काढून मॅडमना देतो, कुणी तक्रार केलेली असो वा नसो.

पूलमध्ये किती जण वाट बघताहेत हा आकडा हिकारी देतो. तो आधीपासून भिंतीवरच्या पडद्यावर असता तर काकांच्या आधी आम्हाला कळलं असतं. आणि सर्व्हर बंद करण्याआधी थ्रेड डंप घ्यायचाच. तो आता बंद करण्याच्या स्क्रिप्टमध्येच घातलाय, माणसाच्या आठवणीवर सोडलेला नाही.

एकेचाळीसपैकी चार कॅच अजून शिल्लक आहेत, सगळे पावत्यांच्या छपाईच्या भागात. त्यांवर खूण करून ठेवली आहे. ३१ मार्चचा हिशेब उरकला की तेच हातात घ्यायचेत.